विजेचा कठडा



अनुवाद 22:8 मध्ये नवे घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे. त्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास दोष त्या घरावर येईल. आज आपल्या घरांत वीज आहे. तिलाही कठडा लागतो. त्याचे नाव अर्थिंग.

जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांवर उन्हाळ्यात घरभेटीला गेले की एक वाक्य कानावर येते: "कूलर थोडं करंट मारते, पण चालते." हे 'थोडं'च जिवावर बेतते.

कूलरच्या मोटारीतील तारेचे आवरण झिजले की पत्र्यात वीज उतरते. प्लगच्या जाड पिनेला जोडलेली अर्थिंगची तार ती वीज जमिनीत नेते. ही तार नसेल, तर ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूसच ती तार होतो.

"आमच्याकडे एमसीबी आहे," असे काहीजण म्हणतात. एमसीबी तारांना जळण्यापासून वाचवते. माणसाच्या छातीतून 50 मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा विसावा भाग, वीज गेली तरी मृत्यू येऊ शकतो. तेवढ्याने 6 अँपिअरची एमसीबी पडत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. वीज गळताच ती क्षणात पुरवठा तोडते.

अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, कारण ओल्या मातीतून वीज सहज जाते. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये वाळून भेगाळते, आणि कूलर तेव्हाच चालतात. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावे.

आणखी काही गोष्टी:

• कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.
• कपडे वाळवायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बांधावी.
• जोड दिलेली वायर पत्र्यावरून नेऊ नये. आकडा तर कधीच टाकू नये.
• कोणी विजेला चिकटल्यास त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या बांबूने त्याला दूर ढकलावे आणि 108 वर फोन करावा.
• खांबावरची तार तुटून पडली असेल तर बांबू घेऊनही जवळ जाऊ नये. 1912 वर कळवावे.

प्रियजनहो, वस्तीवरच्या कुटुंबाला पंखा किंवा कूलर देताना अर्थिंगचा आणि परवानाधारक वायरमनचा खर्चही त्या देणगीत धरा. नाहीतर आपण प्रेमाने दिलेली वस्तूच त्या घराचा घात करील. आणि या रविवारी उपासनेहून परतल्यावर आपल्या घरचा अर्थिंगचा खड्डाही एकदा पाहा.

प्रभू आपल्या घरांचे रक्षण करो.