वितळत्या बर्फाची वाट आणि आपली कुटकी

आरोग्यवर्धिनीच्या पाठात इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी कुटकी पडते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु ही कुटकी ज्या भूमीत वाढते, ती भूमी आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे? प्रस्तुत लेखकाने आजवर कुटकी पाहिली ती पोत्यातील. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चार वैद्यमित्र उत्तराखंडातील तुंगनाथ व चंद्रशिला येथे पायी गेलो, तेव्हा ती प्रथमच जिवंत पाहावयास मिळाली. त्या वाटेवर माझ्या हातून घडलेली एक चूक आणि तिच्यातून मिळालेला बोध वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चोपत्याहून वर

रुद्रप्रयाग जिल्ह्यातील चोपता हे ठिकाण सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे. तेथून साडेतीन-चार किलोमीटरची दगडी फरसबंद वाट तुंगनाथास जाते. पंचकेदारांपैकी सर्वांत उंचावरील हे मंदिर ३,६८० मीटरवर असून हिवाळ्यात येथील उत्सवमूर्ती मक्कूमठास नेली जाते व मंदिर उघडताना परत आणली जाते. मंदिरापासून चंद्रशिलेचे सुमारे ४,००० मीटर उंचीचे शिखर फार दूर नाही. पण पुढची वाट कच्ची आणि खड्या चढणीची आहे.

हंगामाच्या आरंभी या वाटेवर बर्फ सलग नसते. उन्हाच्या अंगास जमीन उघडी पडलेली असते, तर सावलीच्या घळीत वाटेवर आडवे बर्फाचे पट्टे उरलेले असतात. पहाटे हे बर्फ काचेसारखे कठीण व निसरडे असते. दुपारी तेच इतके भुसभुशीत होते की पाय गुडघ्यापर्यंत रुततो. ओहोळावर साचलेले बर्फ खालून पोखरले जाते व वरून मात्र भक्कम दिसते. म्हणून काठीने चाचपल्यावाचून तेथे पाऊल टाकू नये. उन्हाचे बर्फावरून होणारे परावर्तन डोळ्यांस इजा करते, तेव्हा काळा चष्मा अत्यावश्यक होय.

पहिली रात्र आम्ही चोपत्यासच काढली. तरीही मंदिरापाशी पोचताच आमच्यातील एकास डोकेदुखी व मळमळ सुरू झाली. शिखर समोर दिसत होते. पण अशा वेळी चढणे थांबवावे आणि लक्षणे वाढत असल्यास त्वरित खाली उतरावे, हाच खरा उपचार आहे. त्यांस एका सोबत्यासह खाली पाठविले व आम्ही दोघे वाटाड्यासह पुढे निघालो. आपल्याकडे सल्ल्यास येणाऱ्या तरुण गिरिभ्रमणप्रेमींनाही हे आवर्जून सांगावे.

घडलेली चूक

बर्फाचा एक पट्टा टाळण्यासाठी आम्ही वाट सोडून कडेच्या बुग्यालात, म्हणजे उंचावरील कुरणात, उतरलो. बर्फ नुकतेच मागे सरलेले, माती लोण्यासारखी मऊ. दगडांच्या सांदीत काही कोवळे अंकुर दिसले. वाटाड्याने सांगितले, ही कुटकी. मला राहवले नाही. मूळ पाहावे म्हणून काठीच्या टोकाने माती उकरू लागलो. वाटाड्याने माझा हात धरला व म्हणाला, "वैद्यजी, अभी तो सोकर उठी है."

हा परिसर केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात मोडतो. तेथील वनस्पती उपटणे हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक असावयास हवे होते. पण मी उत्तर दिले ते शास्त्राचे! म्हटले, मुळे ग्रीष्मात घ्यावीत असे चरकाचार्य सांगतात. तो हसला आणि शेजारच्या बर्फाकडे बोट दाखवून गप्प राहिला.

शास्त्राचा पुरता अर्थ

मुक्कामी परतल्यावर मी विचार केला. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात मुळांसाठी ग्रीष्म वा शिशिर ऋतू सांगितला आहे, हे खरे. परंतु त्यासोबत एक विशेषण आहे. ज्या वनस्पतीची पाने गळून गेली आहेत अथवा पूर्ण वाढली आहेत, तिचीच मुळे घ्यावीत, असा त्याचा आशय आहे. आपण ऋतूचे नाव पाठ केले, वनस्पतीची अवस्था मात्र विसरलो.

साडेतीन हजार मीटरवर शिशिरात भूमी बर्फाखाली असते आणि ग्रीष्मात अंकुर नुकता फुटत असतो. मूळस्तंभात साठलेले पोषण त्या वेळी नव्या पालवीस पुरवले जात असते. कुटकीस फुले येतात जून ते ऑगस्टच्या सुमारास. बी पिकून पाने सुकू लागतात ती शरदात, पुन्हा बर्फ पडण्यापूर्वी. म्हणजे आचार्यांस अभिप्रेत असलेली अवस्था तेथे आश्विन-कार्तिकात येते. मे महिन्यात उपटलेली कुटकी त्या वर्षी बी न देताच नष्ट होते. जटामांसी आणि अतिविषा यांनाही हाच विचार लागू पडतो.

या हानीची दखल जगाने घेतली आहे. कुष्ठ १९८५ पासून सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, तर कुटकी व जटामांसी १९९७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत. दुसरीकडे, श्रीनगर-गढवाल येथील उच्च शिखरीय पादप कार्यिकी शोध केंद्राने (हैप्रेक) या वनस्पतींच्या लागवडीवर दीर्घकाळ काम केले आहे. तुंगनाथ येथेही त्याचे क्षेत्र आहे. चमोली जिल्ह्यातील घेस गावचे शेतकरी आज कुटकी पिकवतात.

आपले कर्तव्य

गिरिभ्रमण करणाऱ्या वैद्यबंधूंनी बर्फ टाळण्यासाठी कुरणात उतरू नये. बर्फाचा पट्टा सुरक्षित असेल तर एकामागोमाग एक असे वाटेच्या रेषेतच तो ओलांडावा. सुरक्षित नसेल तर परत फिरावे. बर्फाची कड हीच अंकुरांची जागा असते आणि तेथे पडलेल्या एका पावलामागून पुढे शंभर पावले पडतात.

फार्मसीचालकांनी कुटकी घेताना दराआधी तीन प्रश्न विचारावेत : माल रानातील की लागवडीचा? कोणत्या जिल्ह्यातील, आणि त्याची कागदपत्रे आहेत काय? कोणत्या महिन्यात खणलेला? लागवडीच्या मालास चार पैसे अधिक पडले तरी ते द्यावेत. कारण खणणारा हात पर्वतावरील असला, तरी मागणी आपली असते.

घरी परतल्यावर मी माझ्या पुरवठादारास तिसरा प्रश्न विचारला. त्यास उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे तो प्रश्न मीही त्यास कधी विचारला नव्हता.