सोमनाथच्या छावणीतला एक दिवस

पहाटे साडेचार

मे महिन्यात मूल तालुक्यात गारवा असतो तो एवढाच. शिट्टी वाजते, कुणीतरी गाणं सुरू करतं आणि उघड्यावर झोपलेली पोरं अंथरुणं गुंडाळायला लागतात. दरवर्षी १५ ते २२ मे या आठवड्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलाला लागून असलेला हा प्रकल्प बाबा आमट्यांनी १९६७ साली सुरू केला. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी इथली जमीन लागवडीखाली आणली, आणि तरुणांनी त्यांच्या सोबतीनं राबायला शिकावं म्हणून बाबांनी या जागेला श्रमिक विद्यापीठ म्हटलं.

गटप्रमुख म्हणून मी तोंडं धुवायच्या रांगेपाशी उभा असतो. पहिल्या दिवशी एखादा तरी मुलगा हमखास विचारतो, "दादा, ध्यान किती वाजता असतं?" मी सांगतो, "साडेपाचला, बांधावर."

साडेपाच

काम मातीचं असतं. कधी बांध घालायचा, कधी चर खणायचे, कधी तळ्यातला गाळ काढायचा. हा झाडीपट्टीचा मुलूख भातावर जगतो आणि भात तळ्यांवर. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात गावोगावी माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी हातांनी घातलेले हे बांध. त्यामुळे इथे मातीचं घमेलं उचलणं ही पाहुण्यांसाठी मांडलेली हौस ठरत नाही. गावाला जे काम आधीपासून ठाऊक आहे, त्यातच आपण थोडा हात लावतो.

पहिला अर्धा तास गोंधळ. पुण्या-मुंबईची मुलं घमेलं काठोकाठ भरतात, दहा पावलांत दमतात. मग वस्तीतले एखादे काका पुढे होतात. त्यांची बोटं आखूड झालेली, तरी फावड्याच्या दांड्यावर पकड पक्की. "भाऊ, अर्धंच भरा. साखळी थांबली नाही पाहिजे." साखळी लागते. घमेलं या हातातून त्या हातात जातं, रिकामं परत येतं. तासाभरानं बोलणं आपोआप कमी होतं. पावशा ओरडत असतो, खाली कुदळीचा आवाज, मध्येच कुणाचा खोकला. ज्याला मन एकाग्र होणं म्हणतात ते मी डोळे मिटूनही अनुभवलंय, पण या ओळीत ते फार लवकर येतं. शेजारच्याचा हात चुकू नये एवढीच काळजी उरते आणि स्वतःची कटकट मागे पडते.

आठपर्यंत सदरे ओले होतात. पारा ४५ अंशांच्या वर जाणं इथे नवलाचं नाही, म्हणून ऊन चढायच्या आत हत्यारं धुऊन ठेवायची.

साडेनऊ

न्याहारी, विहिरीचं पाणी, आंघोळ. कपडे वाळायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

अकरा

झाडाखाली गट बसतात. मी नव्या मुलांना तुळशीरामची गोष्ट सांगतो, कारण या सगळ्याचं मूळ तिथे आहे. वरोड्याला पावसात गटाराकाठी कुष्ठरोगानं झडलेला एक माणूस पडला होता. त्याला पाहून बाबा घाबरले आणि निघून गेले. कशालाही न भिणारा माणूस, आणि या भीतीनं त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. ते परतले, तुळशीरामची शेवटपर्यंत शुश्रूषा केली, आणि पुढे १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं राहू लागलं. बाबांचं अध्यात्म मला त्या परत फिरण्यात दिसतं. ज्याच्यापासून पळालो त्याच्याचकडे जायचं.

चर्चा रंगते ती इथेच. आपापल्या भीतीबद्दल मुलं बोलायला लागतात. मी मध्ये पडत नाही.

एक

जेवणाला भात असतोच, इथे पिकलेला. एक काळ असा होता की आनंदवनातली भाजी-दूध घ्यायला लोक कचरत. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशीचे स्वयंसेवक तिथे बांधकामाला आले, रुग्णांसोबत राहिले, जेवले. ते पाहून आसपासच्यांची भीड चेपली. एकत्र राबण्या-जेवण्यानं काय बदलू शकतं हे तेव्हा दिसलं. आजच्या छावणीची वाट मला तिथूनच आलेली दिसते.

दोन

बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. बरेच जण झोपतात. मी वही काढतो. आज तुकडोजी महाराजांबद्दल लिहिलं. याच जिल्ह्यातल्या रामदिघी आणि गोंदोड्याच्या रानात त्यांनी तरुणपणी साधना केली. पण ते रानात राहिले नाहीत. खंजिरी घेऊन गावात आले, सामुदायिक प्रार्थना सुरू केली, ग्रामसफाई आणि श्रमदान हीच भक्ती म्हणून सांगितली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’च्या आंदोलनात चिमूर पेटलं आणि इंग्रज सरकारनं त्यांना चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, पकडून तुरुंगात टाकलं. बाबांची आणि त्यांची भाषा वेगळी. एकाच्या ओठी देवाचं नाव, दुसऱ्याच्या तोंडी माणसाचं. तरी इथलं रान दोघांनाही लोकांकडेच घेऊन गेलं, असं मी मनापासून मानतो.

साडेचार

बाबांच्याच हेमलकसा प्रकल्पाविषयी बोलणं. १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात माडिया गोंडांसाठी दवाखाना सुरू झाला, तेव्हा तिथे ना धड रस्ता होता ना वीज. असं काम करायचं म्हटलं की मुलांचे प्रश्न पैशांबद्दल, लग्नाबद्दल, आईवडिलांच्या विरोधाबद्दल. हे प्रश्न खरे आहेत, आणि उत्तर देणाऱ्यानंही ते टाळू नयेत.

सहा

सोमनाथच्या महादेवाकडे फेरी. जुनं ठिकाण, भोवती साग आणि ऐन, मोहाखाली पडलेली फळं. इथे एकटं कुणाला सोडत नाही. हा वाघाचा मुलूख आहे. मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला गेलेली बायामाणसं दरवर्षी या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात जीव गमावतात. शहरातून येणाऱ्याला जंगलात शांतता हवी असते. गावातल्या बाईला तिथून मुलांच्या वह्यांचे पैसे आणायचे असतात. निसर्गानं मन शुद्ध होतं असं म्हणणाऱ्यानं तेंदूपत्त्याचा पुडा बांधणाऱ्या हातांकडेही पाहिलंच पाहिजे. मी मुलांना तेवढं नक्की सांगतो, आणि आवाज चढला तरी मला त्याची लाज वाटत नाही.

साडेआठ

गाणी. मराठी, हिंदी, गोंडी, कुणाची बंगाली. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेल्या भारत जोडो सायकलयात्रेच्या आठवणी निघतात. मणक्याच्या दुखण्यानं बाबांना बसता येत नसे. या यात्रेत ते गाडीत आडवे पडून तरुणांसोबत गेले.

दहा

उद्याची कामं वाचून दाखवतो. तिसरा गट स्वयंपाकघरात, पाचवा भांड्यांना, बाकीचे बांधावर. ध्यानाची वेळ विचारणारा मुलगा पाचव्या गटात आहे. तो येऊन म्हणतो, "दादा, भांडी रात्रीच घासून ठेवली तर पहाटे बांधावर येऊ का?" मी त्याला राख आणि नारळाच्या शेंड्या कुठे ठेवल्यात ते दाखवतो.