कवेलूखालचे पाहुणे

पहाटे ४. चहाचं आधण ठेवायचं आणि दोन्ही खोल्यांची दारं वाजवायची. मे महिन्यात जंगलाचं फाटक उजाडताच उघडतं, त्यामुळे पाहुण्यांना वेळेत उठवणं हेच खरं काम. पवनी गेटापर्यंतचा रस्ता त्या मानानं सोपा. डब्यात सांभारवडी, उकडलेली अंडी, पाण्याच्या बाटल्या. "जय दिसेल का?" हा प्रश्न अजून येतो. जय हा वाघ नागझिऱ्याहून २०१३ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात आला आणि २०१६ च्या एप्रिलनंतर कुणाला दिसलाच नाही. हे पाहुण्यांना ठाऊक असतं, तरी विचारतात.

५:३०. घर रिकामं झालं की कामाला येणारी मावशी सपरी सारवायला घेते. ऊन चढायच्या आत वाळलं पाहिजे, नाहीतर भेगा पडतात. खोल्यांत शहाबादी फरशी आहे, सपरीत मात्र शेणमाती. तिचा हात अर्धवर्तुळात फिरतो, बोटांच्या रेघा तशाच उमटून राहतात. पाहुणे सगळ्यात जास्त फोटो काढतात ते या रेघांचे. मावशीच्या स्वतःच्या घरी घरकुल झाल्यापासून टाइल्स आहेत. "माह्या घरी हे लफडं नाई ठेवलं बाई," ती सांगते आणि पुढची रेघ ओढते.

८ वाजता कवेलू फेरणारे भाऊ आले. दरवर्षी मिरगाच्या आधी छत उतरवून पुन्हा रचायचं, फुटके बाजूला काढायचे, बांबूच्या कमच्या बदलायच्या. पाऊस कवेलू फोडत नाही, फोडतात वानरं. टोळी आंब्यावरून छतावर आणि छतावरून चिंचेवर जाते, आणि मागे तुकड्यांचा खच पडतो. गावातली कवेलूची छपरं गेली ती बरीचशी या वानरांपायी. दरसाल कोण फेरणार? टिनाखाली भट्टी होते, स्लॅबखाली रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात, पण वानर नाचलं तरी ते टिकतात. लोकांचा हिशेब चुकीचा नाही. माझ्या छताचं भाडं येतं म्हणून मला कवेलू परवडतात, एवढाच फरक.

१० च्या सुमारास जीप परतली. वाघ दिसला नाही, अस्वल दिसलं. न्याहारीला तांदळाची धिरडी, कैरीची चटणी आणि वाटीभर टेंभरं. ती कशी खायची हे प्रत्येकाला शिकवावं लागतं. जाताना एक ताई म्हणाल्या, जंगलाच्या बाजूला मोठी काच लावा, काय सुंदर सूर्यास्त दिसेल! आमच्या वास्तुविशारदानंही नकाशात तीच काच काढली होती. नदी आमच्या पूर्वेला, जंगल पश्चिमेला. समुद्रकाठच्या बंगल्यांत पश्चिमेला काच शोभते, कारण तिथे संध्याकाळी खारा वारा येतो. इथे मे महिन्यात चार वाजता पश्चिमेकडून येते ती झळ. त्या बाजूला आम्ही जाड मातीची भिंत घातली आणि वर हातभर रुंदीचा झरोका ठेवला. सूर्यास्त पाहायचा तर अंगणात खाट टाकून पाहा म्हणते.

११ ते २, मधला वेळ. एक पाहुणे गेले, दुसरे यायचे. यात गंमत काहीच नाही. चादरी, टॉवेल, संडास, कुलरची टाकी, फ्रिज. आंधळगावच्या कोशाचे पडदे मशीनमध्ये टाकता येत नाहीत, ते हातानं झटकायचे. पवनीत कोष्ट्यांचे हातमाग होते, रेशीमकाठी कापडासाठी गाव ओळखलं जायचं. त्या काठाचं एक जुनं लुगडं चौकटीत बसवून भिंतीवर लावलंय. सासूबाईंना ते अजून पटत नाही. नेसायचं कापड भिंतीवर कशाला, म्हणतात.

मोठं दार मी स्वतः पुसते. सागाचं आहे, पितळी कड्यांचं, उंबरा दोन्ही टोकांना झिजलेला. गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या एका घराचं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, त्यानंतर वर्षानुवर्षं एकेक गाव उठत गेलं. लोकांनी मयाली, दारं, चौकटी बैलगाडीत घालून नवीन गावठाणात नेल्या, काहींनी विकल्या. पाहुणे दाराला हात लावून किंमत विचारतात. किंमत सांगते. दार कुठून आलं हेही सांगते, कारण खिडकीतून जे पाणी दिसतं तेच याच्या घरावर आहे. काही जण मग गप्प होतात, काही त्याचाही फोटो घेतात.

दुपारी पारा ४५ ला टेकतो. कुलरला वाळ्याच्या ताट्या लावल्यात. हवा कोरडी असेस्तोवर त्या थंडावा देतात. पाऊस सुरू झाला की कुलर नुसता दमट वारा फेकतो, मग खोलीचं उंच छत आणि आरपारच्या खिडक्या यांच्यावरच भिस्त. झोपले तासभर.

४:३०. पुण्याचं कुटुंब नागपूरहून गाडीनं आलं. गृहस्थ नुकतेच गोव्यात आश्वेला किनाऱ्यालगतच्या घरात राहून, लाटांवर फळी घेऊन पडून आलेले. पन्हं हातात घेऊन त्यांनी नदीकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे पोहता येतं ना?" मी नाही म्हणाले. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, मग कन्हानमधून वैनगंगेत येतं आणि धरणाच्या पाण्यात साचतं. लाटाही नाहीत. या पाण्याला समुद्र भेटतो तो प्राणहिता आणि गोदावरीतून, थेट बंगालच्या उपसागरात. ते हसले. त्यांच्या मुलीला डोंगा हवा होता, तो उद्या सकाळी ढीवर दादांना विचारून.

६ नंतर ऊन उतरल्यावर त्यांना पवनी गावात नेलं. जवाहर गेट, किल्ल्याचा खंदक, वैजेश्वर घाट. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं उत्खनन केलं, तेव्हा स्तूप उजेडात आला. दगडात कोरलेला मुचलिंद नाग तिथलाच. मुलीला त्याची गोष्ट सांगितली, पावसात बुद्धावर फणा धरणाऱ्याची. तिनं लगेच विचारलं, म्हणजे तो छप्पर झाला का?

८:३०. चिन्नोरचा भात, झिंग्यांचा रस्सा, शाकाहाऱ्यांसाठी लाखोळीच्या डाळीचे वडे आणि कढी. जेवणं अंगणात.

रात्री १० वाजता भाऊंचा फोन. फुटक्यांचा हिशेब झाला, दोनशेक कवेलू कमी पडतात. जवळपास आता कुणी कुंभार ते भाजत नाही. नवीन मिळतात ते मंगलोरी, ते या उतारावर बसत नाहीत. मी विचारलं, मग? भाऊ म्हणाले, मावशीच्या दिराचं घरकुल मंजूर झालंय, सोमवारी जुनं घर पाडतात. "उद्याच बोला, नाईतर टॅक्टर लावून नालीत भरतीन." दोन रुपये नग देऊ म्हणाले मी. भाऊ म्हणाले, तीन सांगा, त्यांना स्लॅब टाकायचा आहे.