राणी रंगाचा ठिपका आणि आत्याची टेप

दिवाळीला अकरा दिवस राहिले होते आणि बडोद्याहून आत्याचा फोन आला. "अरे, लेबलांवर ठिपके पडतातच आहेत. तू पाठवलेल्या नव्या टोनरने काही फरक पडला नाही."

आत्या दांडिया बाजारात राहते. काका गेल्यावर तिने फराळाचं घरगुती काम वाढवलं. चकली, कडबोळी, अनारसे, चिवडा. डब्यांवरची रंगीत लेबलं ती घरीच छापते, काकांनी हौसेने घेतलेल्या कलर लेझर प्रिंटरवर. यंत्र आता अकरा वर्षांचं झालंय. पांढऱ्या लेबलावर राणी रंगाचा, मोहरीएवढा एक ठिपका दिसायला लागला होता. ठिपका लहानच, पण खाण्याच्या डब्यावर डाग दिसला की लोकांना आतल्या चिवड्याचीही शंका येते. त्यात दीडशे डब्यांची ऑर्डर ठरलेली.

दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितलं होतं, "चारही ड्रम आणि पट्टा बदलावा लागेल. त्यापेक्षा नवीन घ्या, हे भंगारात द्या." आत्याला दोन्ही परवडणारं नव्हतं. मी इंजिनिअर भाचा, म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने राणी रंगाचा टोनर मागवून दिला. तो खर्च वाया गेला, कारण मी निदान न करताच औषध दिलं होतं. शनिवार-रविवार जोडून मी बडोद्याला गेलो.

आत काय चालतं

लेझर प्रिंटरचं मूळ तत्त्व सोपं आहे. चेस्टर कार्लसन नावाच्या अमेरिकन माणसाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर स्थिर वीज आणली. अक्षरं लिहिलेली काच वर धरून प्रकाश टाकला. जिथे प्रकाश पडला तिथली वीज गेली. मग भुकटी टाकली, ती वीज उरलेल्या अक्षरांच्या जागी चिकटली आणि तिथून मेणकागदावर उतरवली.

आजच्या यंत्रात पत्र्याच्या जागी ड्रम आहे. अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि तिच्यावर प्रकाशाला संवेदनशील असा अतिशय पातळ लेप. एक रूळ ड्रमवर वीज चढवतो, लेझरचा किरण हव्या त्या जागेची वीज उतरवतो, त्या जागी टोनर चिकटतो आणि कागदावर जातो. उरलेली भुकटी एक पट्टी खरवडून काढते. शेवटी फ्यूजर उष्णतेने आणि दाबाने टोनर कागदावर पक्का बसवतो. रंगीत प्रिंटरमध्ये बहुधा असे चार ड्रम असतात: काळा, पिवळा, सायन म्हणजे फिरोजी आणि मजेंटा, ज्याला आपल्या घरात राणी रंग म्हणतात.

तो लेप पट्टीच्या घासण्याने हळूहळू झिजतो. एखाद्या जागी तो निघाला की तिथे वीज टिकत नाही. यंत्राच्या दृष्टीने तिथे जणू लेझर पडलेलाच आहे. मग नको असतानाही टोनर चिकटतो आणि कोऱ्या कागदावर ठिपका उमटतो. टोनर कितीही नवा घातला तरी तो जात नाही.

आत्याने लावलेला शोध

मी लॅपटॉप उघडून माहिती शोधत होतो. आत्या छापलेली पानं खिडकीशी नेऊन बघत होती. ती म्हणाली, "हे कापडाच्या छापासारखं आहे बघ. तीच बुट्टी ठरावीक अंतराने परत येते." तिने शिवणाची टेप आणली आणि मोजलं. "साडेनऊ सेंटीमीटरला जरासं कमी."

सगळं उत्तर त्यात होतं. ड्रम गोल फिरतो, म्हणून त्याच्यावरची एक जखम दर फेऱ्याला एकदा कागदावर उमटते. दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे त्या नळीचा परीघ. परिघाला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. ९४ मिलिमीटर भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर. आम्ही ड्रम बाहेर काढून जाडी मोजली, ती तेवढीच भरली. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब असतो, म्हणून एका पानावर तीन ठिपके. काही प्रिंटरमध्ये ड्रम २४ मिलिमीटरचा असतो, तिथे हेच अंतर ७५ मिलिमीटरच्या आसपास येतं. अंतर याहून बरंच कमी असेल तर संशय एखाद्या लहान रुळावर घ्यायचा.

आता कोणता ड्रम? ते ठिपक्याचा रंगच सांगतो. फक्त राणी रंग, म्हणजे फक्त मजेंटाचा ड्रम. चार नाही, एक. पट्ट्याचा तर संबंधच नव्हता.

तुमच्या घरी करून बघा

आधी चारही रंगांची वेगवेगळी पानं छापा. बऱ्याच प्रिंटरच्या मेन्यूत चाचणी-पान असतं. पिवळ्यातले दोष पांढऱ्यावर दिसत नाहीत. त्यासाठी खोलीत अंधार करून मोबाइलचा पडदा पूर्ण निळा करा आणि त्या उजेडात पान धरा, पिवळा टोनर काळपट दिसेल. मग लक्षणं वाचा.

ठरावीक अंतराने एकाच रंगाचा ठिपका: त्या रंगाचा ड्रम किंवा रूळ. टेप काढा.

कागद सरकतो त्या दिशेने सलग रंगीत रेघ: ड्रमवर ओरखडा, खरवडणारी पट्टी झिजलेली किंवा वीज चढवणारा भाग मळलेला. रेघ पांढरी असेल तर आधी लेझरच्या काचेवरची धूळ पुसा. खर्च शून्य.

मजकुराची पुसट सावली एका फेऱ्याच्या अंतरावर पुन्हा: ड्रम नीट साफ होत नाही, बहुधा आयुष्य संपत आलं आहे. मात्र सावली फ्यूजरमुळेही पडते, म्हणून अंतर मोजल्याशिवाय ठरवू नका.

कोऱ्या भागावर सगळीकडे एका रंगाची धूसर झाक: ड्रम किंवा त्यावर वीज चढवणारा रूळ थकला आहे.

बोट फिरवल्यावर छापलेलं पुसलं जातं: ड्रम निर्दोष आहे, फ्यूजर बघा, किंवा कागदाचा प्रकार चुकीचा निवडला आहे का ते बघा.

रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत: मेन्यूतून रंगजुळणी करा, मग पट्ट्याकडे वळा.

पावसाळ्यात छपाई अचानक फिकी किंवा डागाळलेली आली तर आधी कोरड्या, नव्या गठ्ठ्यातला कागद घालून पाहा. दमट कागदाचा दोष ड्रमवर ढकलू नका.

ड्रम हाताळताना पृष्ठभागाला बोट लावू नका आणि तो उजेडात ठेवू नका. आम्ही जुन्या काळ्या ओढणीत गुंडाळला होता. सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, ती बारीक भुकटी गाळणीतून निसटून खोलीभर होते. तोंडाला मास्क लावा, ओल्या फडक्याने टिपा, हात गार पाण्याने धुवा.

ठिपका आला कुठून

ड्रमवर ती जागा सापडली. तिथे चिकट काहीतरी होतं. कोरड्या कापसाने हळूच टिपल्यावर ते निघालं, पण खालचा लेपही गेलेला होता. मी आत्याला विचारलं, "तू अर्धी वापरलेली लेबलांची पानं परत घालतेस का?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "चार लेबलं उरली तर टाकून कशी देऊ रे?"

आत्याच्या यंत्रात कागद पट्ट्यावर बसून चारही ड्रमना चाटून जातो. लेबल काढलेल्या जागेच्या कडेला उरलेला डिंक ड्रमला लागतो. चार लेबलं वाचवताना ड्रम गेला होता. पण तिला बोलायचं मला तोंड नव्हतं. न मोजता टोनर मागवणारा मीच होतो.

दुसरी एक सवय आम्ही मिळून बदलली. ऑर्डर आली की ती एकेक पान छापायची. प्रत्येक वेळी सुरू होताना आणि थांबताना ड्रम कागदाशिवायही फिरतो आणि झिजतो. आता ती दिवसाची लेबलं संध्याकाळी एकदम छापते.

मजेंटाचा एक ड्रम मागवला. तो बसवून मेन्यूतला त्याचा मोजणी-आकडा शून्यावर आणला. हा आकडा नवा ड्रम घातल्यावरच बदलायचा. जुना ड्रम ठेवून आकडा शून्य केला तर फक्त सूचना जाते, लेप परत येत नाही. उलट, "ड्रम बदला" असा संदेश आला आणि छपाई स्वच्छ असेल, तर घाईही नको. तो संदेश फेऱ्या मोजून येतो, पान बघून नाही.

काळ्या ड्रमची हलकी झाक अजून आहे. लेबलावर ती दिसत नाही, म्हणून तो बदलला नाही. उद्या दोन-तीन ड्रम, पट्टा आणि फ्यूजर एकदमच थकले, तर दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं ठरेल आणि मीच आत्याला नवीन घ्यायला सांगेन. पण तो निर्णय मोजून घेतलेला असेल.

दीडशे डबे वेळेत गेले. मला निघताना चिवड्याचा एक डबा मिळाला. त्यावरचं लेबल स्वच्छ होतं. आणि शिवणाची टेप आता प्रिंटरच्या बाजूलाच खिळ्याला टांगलेली असते.