१९ मुद्द्यांची यादी आणि ऑपरेशन थिएटरमधला संघ

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'सांघिक कार्य' शिकवताना आपण मुंग्यांची रांग नाहीतर क्रिकेटचा संघ सांगतो. आज जरा वेगळं उदाहरण घेऊ. इथे चूक झाली तर जिवाशी गाठ असते.

साध्या ऑपरेशनलाही आत पाच-सहा माणसं असतात. सर्जन, त्यांचे सहायक, भूलतज्ज्ञ, हातात हत्यारं देणारी सिस्टर, लागेल ते सामान आणून देणारी दुसरी सिस्टर. प्रत्येक जण आपापल्या कामात तरबेज. तरीही एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची राहून जाऊ शकते. औषधाची ॲलर्जी केसपेपरवर लिहिलेली असते, पण ते पान नेमकं उलटलेलं नसतं.

यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एक पानाची यादी काढली. मुद्दे फक्त १९. या कामाचं नेतृत्व अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी केलं. (आडनावावरून ओळखलंच असेल, त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातले.)

यादी तीनदा थांबायला लावते. भूल देण्याआधी रुग्णालाच विचारायचं: नाव काय, ऑपरेशन कसलं, कोणत्या बाजूला? ॲलर्जी आहे का? रक्त किती जाऊ शकेल, हेही तेव्हाच बघायचं. मोठ्या माणसात ५०० मिलिलिटरच्या वर धोका, मुलांमध्ये किलोमागे ७ मिलिलिटर. म्हणजे २० किलोच्या मुलाला १४० मिलिलिटर. गणिताच्या तासाला हे उदाहरण छान चालेल! शेवटचा थांबा रुग्णाला बाहेर नेण्याआधी. हत्यारं, सुया, गॉज मोजून पुरे आहेत ना? सहलीहून निघताना आपण बसमध्ये मुलं मोजतो, तसंच.

मधला थांबा मात्र खरा महत्त्वाचा. त्वचेवर चीर घेण्याआधी सगळे हात थांबवतात आणि प्रत्येक जण आपलं नाव व काम मोठ्याने सांगतो. ऐकायला पोरकट वाटतं ना? पण थिएटरमध्ये मोठ्या सर्जनपुढे नवीन सिस्टर कशी बोलणार? "सर, डावा की उजवा?" हा प्रश्न घशातच अडकतो. एकदा सर्वांसमोर आवाज फुटला, की दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांचं आपण रोज बघतोच की. शिवाय यादी वाचण्याचं काम बऱ्याचदा सिस्टरकडेच असतं, आणि एखादा मुद्दा बाकी असेल तर सर्वांना थांबवण्याचा अधिकारही तिलाच.

नवी दिल्ली, मनिला, लंडन, टोरांटो अशा ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर.

पण याची दुसरी बाजूही बघा. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात यादी सगळीकडे लागू झाली. तिथल्या १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात (२०१४) मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. कारणांवर तज्ज्ञांचे वाद आहेत. मला पटणारं कारण असं, की वरून हुकूम आला म्हणून रकान्यात बरोबरच्या खुणा झाल्या, पण बोलणं झालंच असेल असं नाही. अहवाल भरणाऱ्या आपल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको!

पालकांसाठी एक कामाची गोष्ट. घरातल्या कुणाचं ऑपरेशन असेल, तर नाव आणि बाजू तीन-चार वेळा विचारली जाईल. "अहो, किती वेळा तेच विचारता?" असं म्हणून चिडू नका. दर वेळी पूर्ण उत्तर द्या. ॲलर्जी असेल तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा. हात, पाय, डोळा, मूत्रपिंड असं जोडीतलं काही असेल, तर आत नेण्याआधी योग्य बाजूला पेनाने खूण केली आहे का, ते स्वतः बघा. नसेल तर तिथल्या सिस्टरला विचारा.