नऊ रुपयांचा संच

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आपल्याकडच्या कितीएक घरांत एक ठरलेला सोहळा चालतो. कपाटाच्या तळाशी वर्षभर निजलेला डबा बाहेर निघतो. डब्यात फडक्याची पुरचुंडी आणि पुरचुंडीत राणीछाप, राजाछाप रुपये. मग आजीबाई चिंचेचा कोळ घेतात, सूनबाई राख किंवा भांडी घासायची पूड घेतात, आणि दोघी मिळून त्या बिचाऱ्या रुपयांना असे घासतात की ज्याचे नाव ते! रुपये लखलखतात. घरची मंडळी खूष होतात. फक्त एका जमातीच्या माणसाला हे पाहून पोटात गोळा येतो. ती जमात म्हणजे नाणी जमविणाऱ्यांची, आणि प्रस्तुत लेखक गेली पस्तीस वर्षे त्या जमातीत मोडतो.

नाण्याला कातडी असते, हे सांगितले तर लोक हसतात. पण ती असते. टाकसाळीच्या ठशाखालून निघताना धातूवर एक झळाळी उमटते. नाणे तिरपे धरून फिरवले की ती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसते. पुढे हवेने चांदीवर काळसर, निळसर छटा चढते. ती छटा म्हणजे मळ नव्हे. ते नाण्याचे वय आहे. चिंचेने ते वय उतरते आणि राखेने त्याखालची कातडी. राणीच्या केसांच्या बटा दर दिवाळीला थोड्या थोड्या झिजतात आणि पन्नास दिवाळ्यांनंतर राणीसाहेबांचा चेहरा उजाड माळरानासारखा होतो. त्या रुपयाचे चांदीचे मोल कायम राहते. बाकीचे मोल मोरीतून वाहून गेलेले असते.

ढीग वेगळा, संच वेगळा

तुम्ही म्हणाल, रुपया तो रुपया, त्यात एवढे काय? तर आधी एक उदाहरण देतो. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. क्षत्रप राजा नहपान याची ती नाणी तेरा हजारांवर होती. त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवला होता. हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकलेल्या राजाची मुद्रा! सातवाहनांच्या विजयाचा एवढा खणखणीत पुरावा दुसरा नाही. त्यांतले एकच नाणे हाती आले असते तर ते मुके राहिले असते. हजारो एकत्र आली तेव्हा ती बोलू लागली.

आमच्या छंदाचे मर्म येथेच आहे. डबाभर नाणी असणे म्हणजे ढीग असणे. ती काही सूत्राने लावली, त्यांत काय आहे आणि काय नाही हे ठरले, की तो संच होतो. संचाचे तीन मुख्य प्रकार मानतात. पहिला नमुन्यांचा. स्वतंत्र भारताची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० रोजी निघाली. राजाचा मुखवटा गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. पैशावर घोडा, अर्धा आणा, आणा व दोन आण्यांवर बैल, आणि पावली, अधेली व रुपयावर धान्याची कणसे. या सात नाण्यांचा एकेक नमुना मिळवला की संच पुरा झाला. शाळकरी मुलालाही हा साधतो.

दुसरा प्रकार सालवारीचा. एकाच नाण्याची जितकी साले निघाली तितकी सारी मिळवायची. तिसरा टाकसाळवारीचा. आजचे कोणतेही नाणे घ्या आणि सालाच्या खाली पाहा. पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण असेल तर ते मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. एका सालाचे एक नाणे सालवारीत भागते, टाकसाळवारीत चार लागू शकतात. छंद वाढत वाढत वेड कसा होतो, ते आता ध्यानात आले असेल.

नऊ नाणी, एक युद्ध

आमच्या मंडळींत ज्या संचावरून सर्वांत जास्त ईर्षा चालते, तो दिसायला अगदी किरकोळ आहे. तो म्हणजे सहाव्या जॉर्जच्या रुपयांचा सालवारी संच. साले किती? १९३८ ते १९४५ ही आठ आणि १९४७ हे नववे. १९४६ साली रुपया निघालाच नाही. सारी मिळून नऊ नाणी; मुठीत सहज मावतील.

पण या नऊ रुपयांत एक महायुद्ध भरलेले आहे. १९३८ आणि १९३९ चे रुपये जुन्या चालीचे आहेत. १८३५ साली कंपनी सरकारने जे माप ठरवून दिले तेच त्यांचे. वजन १८० ग्रेन, म्हणजे भरून एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम; आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले. लोकांचा कागदावरचा विश्वास डळमळला. जो तो चांदीचे रुपये मडक्यात पुरू लागला. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त घातले. नकली नाणी ओळखता यावीत म्हणून दातेरी कडेच्या मधोमध एक वेगळी नक्षीदार खाचही आली. मग १९४१ ते १९४३ या काळात जुने शुद्ध रुपये, राणीचे, एडवर्डचे, पाचव्या जॉर्जचे, क्रमाने चलनातून बाद होत गेले. अखेर १९४७ चा रुपया निघाला तो निव्वळ निकेलचा, पाठीवर वाघ घेऊन. चांदी संपली, राज्यही संपत आले होते. हे सारे नऊ नाणी ओळीने मांडली की समोर दिसते. इतिहासाच्या पुस्तकाला एवढ्यासाठी एक प्रकरण लागेल.

या नवांपैकी आठ मिळवायला पैसा आणि धीर थोडा असला तरी पुरतो. घोडे अडते ते १९३९ पाशी. त्या सालचे बहुतेक रुपये मुशीत गेले, थोडेच वाचले. म्हणून जो तो विचारतो, “एकोणचाळीस आहे का?” ही आमच्यातली “क्षेमकुशल?” आहे.

आणि जेथे मागणी तेथे लबाडी आलीच. १९३९ चा खोटा रुपया दोन रीतींनी बनतो. एक ओतीव. साच्यात धातू ओतून केलेला. त्याला तराजू पकडतो. कडेवर शिवण दिसते, अक्षरे साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी बोथट असतात. दुसरी रीत जास्त घातकी. खरा १९३८ चा रुपया घ्यायचा आणि शेवटच्या आठाचा खालचा डावा भाग कोरून त्याचा नऊ करायचा. येथे तराजू काय करील? वजन खरे, चांदी खरी, आवाज खरा, कड खरी. खोटा फक्त एक आकडा. तेव्हा भिंग घ्यावे आणि त्या तारखेतले दोन्ही नऊ एकमेकांशी ताडून पाहावेत. शेवटच्या नऊच्या भोवतीची जमीन खरवडलेली दिसते का, तेही पाहावे. खोटेपणाला शेजारचा खरा नऊच साक्षीदार असतो.

मखमलीवरचा रिकामा खळगा

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका नाणेप्रदर्शनात संचांची स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून आम्हा तिघांना बोलावले होते. संच पुरा आहे का, नाणी किती चांगल्या स्थितीत आहेत, जोडलेली माहिती बरोबर आहे का, मांडणी कशी आहे, असे क्रमाने गुण द्यायचे होते.

सहाव्या जॉर्जच्या रुपयांचे दोन संच होते. पहिला एका तरुण इंजिनियरचा. नऊच्या नऊ नाणी, एकाहून एक देखणी. लिलावांतून पारखून घेतलेली. दुसरा सातारकडच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचा. त्यांनी हा संच सत्तावीस वर्षांत जमवला होता. एक रुपया पंढरपूरच्या वारीत मिळालेला, एक कोल्हापूरच्या सराफाकडे मोडीतून वाचवलेला, एक बहिणीच्या लग्नातल्या आहेरातला. प्रत्येकाखाली मोत्यांसारख्या अक्षरांत चिठ्ठी. निळ्या मखमलीत नऊ खळगे. पण दुसरा खळगा रिकामा. खाली लिहिले होते: “१९३९. माझ्याजवळचे नाणे खरे नाही, असे काल संध्याकाळी माझ्या ध्यानात आले. सबब मांडलेले नाही.”

मी त्यांना बाजूला घेऊन विचारले, “पोस्टमास्तरसाहेब, नाणे पाहू.” त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढून दिले. काम इतके सफाईचे होते की माझ्या नेहमीच्या भिंगातून मलाही दोनदा पाहावे लागले. आठाचा नऊ.

“हे कोणाच्या ध्यानात आले?”

“माझ्याच. जावयाने नवे भिंग आणून दिले. म्हटले, उद्या परीक्षक पाहणार, त्याआधी आपण पाहावे.”

“आणि मांडले असते तर?”

ते थोडे हसले. म्हणाले, “सगळा जन्म पोस्टाच्या खिडकीवर काढला. मनिऑर्डरीच्या पैशांत खोटी नोट आली की ती परत करीत होतो. लोक रडत, भांडत. गरीब माणसे असत. तरी परत करीत होतो. आता बक्षिसासाठी खोटा रुपया मी मखमलीवर बसवू? मग त्या लोकांना मी काय तोंड दाखवू?”

आम्ही तिघे बराच वेळ बोललो. तिघांपैकी एकाचे मत पोस्टमास्तरांकडे झुकत होते. पण नियम तो नियम. पुरा संच तो पुरा. त्या तरुणाच्या नाण्यांत काडीचाही दोष नव्हता आणि पैसे मोजून विकत घेणे हा काही गुन्हा नाही. पहिले बक्षीस त्याला गेले, आणि ते योग्यच होते. पोस्टमास्तरांच्या नावावर दुसरेही लागले नाही, कारण अपुऱ्या संचाला ते देता येत नव्हते.

तरी दोन दिवस गर्दी कोठे होती म्हणाल, तर त्या रिकाम्या खळग्यापुढे. आईबाप मुलांना ती चिठ्ठी वाचून दाखवीत होते. शेवटच्या दिवशी तो तरुण आपले नाणे आणि भिंग घेऊन पोस्टमास्तरांजवळ बसला. खरा नऊ आणि खोटा नऊ शेजारी शेजारी ठेवून दोघे तासभर पाहत होते. आपला खोटा रुपया पोस्टमास्तरांनी विकला नाही, फेकलाही नाही. “खोटा” अशी चिठ्ठी लावून ठेवला आहे. नवशिक्यांना दाखवायला उपयोगी पडतो. खळगा अजून रिकामाच आहे.

आकड्यांची शर्यत

ही ईर्षा आपल्याकडचीच नव्हे. बाल्टिमोरचे एक धनिक लुई एलियासबर्ग यांनी १९५० साली अमेरिकन नाण्यांचा त्या वेळी माहीत असलेला प्रत्येक साल-टाकसाळीचा नमुना मिळवून संच पुरा केला. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी नाण्याची स्थिती १ ते ७० या आकड्यांत मांडण्याची पद्धत जुन्या अमेरिकन सेंटांसाठी सुचवली. १९८० नंतर तेथे परीक्षण करून नाणे प्लॅस्टिकच्या डबीत मोहोरबंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या. आता जगभरचे संग्राहक त्या डब्यांवरच्या आकड्यांची बेरीज करून आपला संच कितवा लागतो ते पाहतात. यात सोय आहे, खोट्या नाण्यांपासून बरेच संरक्षणही आहे. पण ६४ चा ६५ करण्यासाठी जो माणूस हजारो रुपये मोजतो आणि त्या नाण्यावर काय लिहिले आहे ते वाचत नाही, तो नाणी जमवीत नसून डब्या जमवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना हौस आहे त्यांना चार गोष्टी सांगतो. नाणे नेहमी कडेने धरावे. बोटांचा घाम त्याच्या तोंडावर उमटतो. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये. कालांतराने त्यावर हिरवा चिकट थर येतो. कोकणासारख्या दमट हवेत डब्यात ओल शोषणारी पुडी घालावी. घासणे तर नाहीच नाही. पूजेला एक रुपया वेगळा काढावा, त्याला हवा तर दर साल घासावा, आणि बाकीच्यांना अभय द्यावे. शंभर वर्षांहून जुने नाणे परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही, आणि जमिनीत गाडलेले धन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि आरंभाला फार पैसे लागतात ही समजूत मनातून काढून टाकावी. २०११ साली पावली आणि तिच्याखालची नाणी चलनातून गेली, तेव्हा ज्या मुलांनी घरातल्या चिल्लरीतून पाच, दहा, वीस, पंचवीस पैशांचे एकेक नाणे बाजूला ठेवले, त्यांचा पहिला संच फुकटात झाला. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२२ साली एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची खास नाणी निघाली. पाचांची एकूण किंमत अडतीस रुपये. भाऊबीजेला ओवाळणीत यंदा नोटेबरोबर ही पाच नाणी टाकून पाहा. बहिणीने विचारले, “हे काय चिल्लर?” तर तिला सालाखालची खूण दाखवा आणि सांगा, “हे मुंबईचे. आता हैदराबादचे तू शोध.”