औंढ्याला वळसा: हिंगोली जिल्ह्यातली एक सायकलफेरी

औंढा नागनाथला बहुतेक लोक गाडीने येतात, दर्शन घेतात आणि तासाभरात परततात. हिंगोली ते औंढा हा रस्ता त्यांच्या लेखी नुसता मधला वेळ असतो. सायकलवर बसलेल्या माणसाला मात्र याच रस्त्याने सुरू होणारी फेरी मराठवाड्याचा एक वेगळा तुकडा दाखवते: सागाची झाडी, डोंगराचे चढउतार, मग हळदीचा सपाट पट्टा आणि शेवटी कयाधूचं खोरं. एका दिवसात जमेल अशी ही फेरी आहे आणि जिल्ह्याची ओळख करून घ्यायला मला याहून चांगला मार्ग माहीत नाही.

मार्ग

हिंगोली – औंढा – शिरडशहापूर – वसमत – कुरुंदा – वारंगा फाटा – आखाडा बाळापूर – कळमनुरी – हिंगोली. एकूण अंतर साधारण 130 किलोमीटर. फेरी याच दिशेने करावी. औंढ्याकडचे चढ सकाळच्या गारव्यात उरकतात आणि उन्हं चढेपर्यंत तुम्ही वसमतच्या सपाटीवर आलेले असता. हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्येकडून येतो, त्यामुळे वसमत ते वारंगा हा टप्पा जड जातो. त्यासाठी पायात थोडा दम राखून ठेवा.

छावणीचं गाव

सुरुवात हिंगोलीतून. निजामाच्या काळात इथे फौजेची मोठी छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं गावात अजून रुळलेली आहेत. पहाटे या मोहल्ल्यांतून निघालं की बाजार उघडायच्या आत गाव मागे पडतं. पुढे कयाधू ओलांडायची. हीच नदी परतीच्या वाटेवर पुन्हा आडवी येते.

औंढा: दगडाजवळ थांबा

हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटरवर औंढा. भूगोलाच्या पुस्तकात अजिंठ्याच्या रांगेबरोबर ‘हिंगोलीचे डोंगर’ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो, ते हेच. चढ फार मोठे नाहीत, पण एकामागून एक येतात.

बारा ज्योतिर्लिंगांमध्ये गणलं जाणारं हे देऊळ यादवकाळातलं, हेमाडपंती बांधणीचं. दर्शनाची रांग सोडून आधी बाहेरून एक प्रदक्षिणा घाला. खालचा भाग काळ्या दगडाचा, खाचाकोपऱ्यांनी मोडत गेलेला, मूर्तींनी भरलेला. वर मान केली की बांधकाम एकदम बदलतं: उजळ रंगाचं, साधं शिखर. देवळाची मोडतोड झाल्यावर वरचा भाग पुन्हा उभारला गेला आणि त्याचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिलं जातं. जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ती रेषा जमिनीवरूनही स्पष्ट दिसते. घाईत असलेल्याच्या नजरेतून नेमकी तीच सुटते.

गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने उतरायचं आणि आत वाकूनच राहायचं. चढाने ताठरलेल्या मांड्यांना हे जड जातं, म्हणून आधी दहा मिनिटं बसून घ्या. नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागे जायला सांगितलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी त्यामागची कथा. विसोबा खेचर नामदेवांना गुरू म्हणून भेटले तेही इथेच, असं वारकरी परंपरा मानते.

महाशिवरात्र, त्यानंतरचा रथोत्सव आणि श्रावणी सोमवार हे दिवस सायकलसाठी टाळा. त्या गर्दीत सायकल हातात धरूनच चालावं लागतं.

शांततेची किंमत

औंढा तालुक्यातच दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने सुमारे 2600 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसर किरण जातील आणि प्रोटॉनपेक्षाही कितीतरी सूक्ष्म असा लांबीतला फरक टिपतील. अशा लहरी सर्वांत आधी टिपल्या त्या अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी, 14 सप्टेंबर 2015 रोजी. या कामाला माणसांच्या आणि वाहनांच्या गडबडीपासून दूरची जागा लागते. ज्या निवांतपणाला आपण मागासलेपण म्हणत आलो, तोच या तालुक्याच्या कामी आला. सायकलस्वाराला तो निवांतपणा आजही फुकट मिळतो.

हळदीचा पट्टा

शिरडशहापूरला मल्लिनाथांचं जैन मंदिर पाहून पुढे निघालं की वसमतपर्यंत हळद, ऊस आणि केळी. हळद दोन वेळा पाहण्यासारखी असते. पावसाळा सरताना रुंद, तजेलदार पानांनी वाफे झाकून जातात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाला कापून कंद काढले जातात, वाफेवर शिजवले जातात आणि वावरात, अंगणात, खळ्यावर वाळत पडतात. शिजत्या हळदीचा ओलसर, मातकट वास गाडीच्या काचेआड कळणारच नाही. वाळलेली हळकुंडं फिरत्या ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. तेव्हा पिवळी धूळ उडते आणि जवळ थांबलात तर कपड्यांवर बसते. ‘वसमत हळदी’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पाय थकले तर इथेच थांबा. वसमत हे पूर्णा–अकोला रेल्वेमार्गावरचं स्थानक आहे आणि त्याच मार्गावर पुढे हिंगोली डेक्कन लागतं. गाडीची वेळ आणि सायकल नेण्याचे नियम आधी विचारून ठेवा.

परतीचा टप्पा

वारंगा फाट्याला अकोला–नांदेड महामार्ग लागतो. रुंद, वेगवान आणि सायकलसाठी या फेरीतला सर्वांत नीरस रस्ता. डाव्या कडेने चालवा आणि अंधाराच्या आत हिंगोली गाठा. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली संध्याकाळी अगदी जवळ आल्यावरच दिसते.

वेळ आणि तयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये ही फेरी करू नये, त्या उन्हाशी पैज लावण्यात अर्थ नाही. बाभळीच्या काट्यांमुळे दोन जादा ट्यूब आणि पंप लागतोच. पाणी प्रत्येक मोठ्या गावात भरून घ्या.

200 करायचे असतील तर

लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ‘ब्रेव्हे’ ही पद्धत फ्रान्समधून आली: 200 किलोमीटर, साडेतेरा तासांत. या फेरीला नर्सी नामदेव, म्हणजे नामदेवांचं जन्मगाव, आणि पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण जोडलं की अंतर साधारण तेवढंच भरतं. फ्रान्समध्ये कारकासोनसारख्या जुन्या गडगावाभोवतीच्या छोट्या रस्त्यांवरून लोक हौसेने सायकल चालवतात. औंढ्याभोवतीही तसे रस्ते आहेत. जिल्हा प्रशासनाने आणि ग्रामपंचायतींनी फाट्याफाट्यावर सायकलमार्गाचे साधे फलक लावावेत आणि देवस्थानाने सायकल कुलूप लावून ठेवता येईल असा एक लोखंडी कठडा उभारावा. खर्च थोडा आहे. येत्या हिवाळ्याआधी सहज होईल.